साच्यात नसलेला आवाज

३ फेब्रुवारी

चि. भाचेबुवा,

तुला नेहमीचे आशीर्वाद, आणि एक जास्तीचा, कारण काल शेजारच्या कंपाउंडरने तुझ्यावरून माझी फिरकी घेतली.

झालं असं. चार वाजता मी खुर्ची खिडकीकडे वळवून तुझ्या मामीच्या कविता लावून बसलो होतो. तू फोनवर ते पान करून दिल्यापासून, म्हणजे चार वर्षं, माझा हा नेम चुकलेला नाही. ती तळ्याची कविता चालू होती. "तळ्याकाठी" म्हटल्यावर ती क्षणभर थांबते, आठवतं ना? तिसरीच्या वर्गाने डोळे मिटून तळं बघावं म्हणून. तेवढ्यात कंपाउंडर आला. दवाखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण माणसाला बघून आजार ओळखायची खोड गेली नाही. म्हणाला, "बाईंचा आवाज येतो तरी कुठून?" मी म्हटलं, "भाच्याच्या सर्व्हरवरून. तो क्लाउडमध्ये काम करतो." तर म्हणे, "ढगात? म्हणजे विमानात आहे का?"

तर तू नक्की काय करतोस ते मला कागदावर लिहून पाठव. फोनवर तू "हो मामा, बरं मामा" यापलीकडे जात नाहीस.

घराचं रंगकाम काढलं. माळा रिकामा केला. तिच्या त्या अकरा कॅसेटही भंगारात दिल्या. फितींना बुरशी धरलीच होती, आणि तूच म्हणाला होतास, आता काळजी नाही. टेपरेकॉर्डर मात्र ठेवलाय. त्याचं लाल बटण दाबणारा मी होतो. आजारी पडून घरी राहिलेल्या पोरांची कविता बुडू नये म्हणून ती वाचायची, आणि मी बटण दाबून श्वास रोखून उभा राहायचो. त्या अकराही कॅसेटमध्ये मी आहे, पण कोणाला ऐकू येत नाही.

तुझा,
मामा

—

१४ फेब्रुवारी

ती. मामा,

पाया पडलो असं समजा. कंपाउंडरकाकांना सांगा, विमानात नाही, मोडक्या खुर्चीत असतो.

आमचं बोलकं वाचनालय आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असतात आणि लोक ती फोनवरून ऐकतात. ती ऐकवणारी यंत्रं म्हणजे सर्व्हर. ती आमच्याकडे नाहीत. एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत आहेत, आम्ही लागतील तशी मागवतो. सकाळी ऐकणारे वाढतात तेव्हा वीस लागतात, दुपारी सहा पुरतात. मग चौदा बंद. उद्या सकाळी पुन्हा नवे चौदा.

आता रोज चौदा यंत्रं हाताने सजवायला बसलो तर एकात हे राहील, दुसऱ्यात ते. म्हणून आम्ही एक साचा करून ठेवतो. यंत्र केवढं हवं, त्यात कोणता संच भरलेला हवा, कोणती दारं उघडी, कोणती बंद, किल्ली कोणाकडे. साच्याबरोबर एक यादी असते, स्टार्टअप स्क्रिप्ट. सर्व्हर उठला की कोणाची वाट न बघता ती यादी स्वतःच वरून खाली करत जातो: घड्याळ लाव, प्रोग्राम आण, पुस्तकांच्या सामायिक साठ्याशी जोडून घे, मग फाटकावर जाऊन सांग, मी तयार आहे. साडेतीन मिनिटांत उभा. वीसच्या वीस जुळे.

आणि एक नियम, जो मी भिंतीवर लिहून लावलाय: चालू सर्व्हरला हात लावायचा नाही. काही बदल हवा असेल तर साच्यात करायचा. सर्व्हर आजारी पडला तर औषधपाणी नाही. बंद करायचा, साच्यातून दुसरा उठवायचा. त्याला नाव नसतं, नंबर असतो, म्हणून कोणाला वाईट वाटत नाही.

सध्या आम्ही जुना साचा मोडून नवा केलाय. पुढच्या महिन्यात सगळे सर्व्हर एकेक करून बदलायचे आहेत. त्यामुळे डोक्यावर काम आहे. तब्येत जपा.

तुमचा भाचा

—

२२ फेब्रुवारी

चि. भाचेबुवा,

तुझं पत्र मी कंपाउंडरला मोठ्याने वाचून दाखवलं. "औषधपाणी नाही" म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मलाही जरा काटा आला खरा. पण बाकीचं सगळं समजलं, कारण हे काम मी तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात केलंय, फक्त माझे हात शाईने काळे व्हायचे.

सायक्लोस्टाइल रे. स्टेन्सिलचा कागद टाइपरायटरवर एकदा नीट कापला की त्यातून दोनशे प्रश्नपत्रिका निघाव्यात, सगळ्या जुळ्या. तुझ्यासारखाच मीही मिजाशीत असे. एकदा तिसरीच्या गणितात सातच्या जागी एक पडला. ऐंशी कागद निघाल्यावर लक्षात आलं. मी शहाण्यासारखा लाल पेन घेऊन ऐंशीही कागद दुरुस्त केले आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीसाठी त्याच स्टेन्सिलवरून आणखी साठ काढले. झालं! साठ पोरं सात डझन आंब्यांच्या जागी एकच डझन वाटत बसली. तुझी मामी कार्यालयाच्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, तुम्ही कागद सुधारलात. स्टेन्सिल कोण सुधारणार?" शिपाईसुद्धा हसला.

ती असती तर तुझ्या वाचनालयात तिने रोज चार तास वाचलं असतं. शाळेतली कविता पोटात गेली की जन्मभर बाहेर पडत नाही, म्हणायची. मला आता औषधाच्या गोळ्या घेतल्या की नाही आठवत नाही, पण चौथीच्या पुस्तकातल्या मुंगीच्या कवितेची सातही कडवी येतात. ती येतात तिच्या आवाजात. माझा आवाज मी कधी ऐकलाच नाही.

तुझा,
मामा

—

१९ मार्च

चि. भाचेबुवा,

मागच्या पत्राचं उत्तर नाही, कामात असशील. एक लहानशी अडचण आहे.

आठ तारखेपासून कविता लागत नाहीत. पान उघडतं, तिची यादी दिसते, पण नावावर बोट ठेवलं की नुसतं चक्र फिरतं आणि मग एक ओळ येते, ती मला वाचता येते पण कळत नाही. कंपाउंडरने फोन दोनदा बंद करून चालू केला, जोराने झटकलाही. दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, फोनला काही झालेलं नाही, पलीकडून येत नाही.

पलीकडून येत नाही. हे माझ्या मनात फार वेळ राहिलं.

घाई नाही. तुझं काम झालं की बघ. मी चार वाजता बसतो तेवढाच वेळ. सध्या नुसता बसतो.

तुझा,
मामा

—

२७ मार्च

ती. मामा,

नमस्कार. घाईत लिहितोय. आमच्याकडे दुरुस्तीचं काम चालू आहे, त्यामुळे पान बंद आहे. सगळं जागच्या जागी आहे. थोडे दिवस लागतील. तुम्ही फोनची काळजी करू नका, आणि दुकानात तर मुळीच जाऊ नका.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा भाचा

—

६ एप्रिल

चि. भाचेबुवा,

तुझं चार ओळींचं पत्र मी तीन दिवस जवळ ठेवलं. तू लहानपणी काही फोडलंस की असाच बोलायचास, तोडून तोडून. पण या वेळी फोडणारा तू नाहीस, हे मला कळतं. तू मला सांभाळून घेतो आहेस. म्हणून मीच लिहितो.

माझ्या हातून पुसलं गेलं असावं.

आठ तारखेच्या सकाळी मी फोन धोतराला पुसत होतो आणि पान उघडं होतं. कंपाउंडरने मला विचारलं, "तिथे कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसतं का कुठे? त्यावर बोट लागलं असेल." डबा होता की नव्हता, आता आठवत नाही. दोन रात्री विचार केला. आता तर मला तो डबा डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतो, आणि त्यावर माझं बोटही दिसतं.

इतकी वर्षं तिच्या आवाजासाठी बटण दाबणारा मीच. लाल बटण आणि काळं बटण एकत्र दाबायचं, एक जरी सुटलं तरी वाचलेलं फुकट. एकदासुद्धा चुकलो नाही. वर्गातली पोरं म्हणायची, बाईंचे साहेब कधी चुकत नाहीत. आणि आता एका बोटाने.

तू तिला सख्ख्या आईसारखं मानलंस. सातवी ते बारावी आमच्याच घरी राहिलास, तिच्या हाताखाली शिकलास. तुझीही मी क्षमा मागतो. फक्त एवढंच सांग, की नक्की पुसलं गेलंय का. म्हणजे मी चार वाजता खुर्ची तिकडे वळवायची थांबवीन.

मामा

—

१२ एप्रिल

मामा,

तुम्ही काही पुसलेलं नाही. त्या पानावर कचऱ्याचा डबा नाहीच, मी कधी ठेवलाच नव्हता. पुसलं मी. मागच्या पत्रात तुमच्याशी खोटं बोललो. आता सगळं लिहितो.

चार वर्षांपूर्वी मामींच्या कॅसेट मी ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवल्या. वाचनालयाच्या सामायिक साठ्यात बाहेरचं काही ठेवायचं तर समितीची परवानगी लागते, आणि समिती बसायला महिना होता. तुम्ही रोज विचारायचात, कधी ऐकू येईल. मला तुम्हाला थांबवून ठेवणं जमेना. म्हणून मी चालू असलेल्या एका सर्व्हरवर हाताने एक फोल्डर केला आणि अकरा कॅसेट तिथे ठेवल्या. दोन दिवसांपुरत्या. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्या सर्व्हरवर खूण केली: बंद करू नये. का, ते लिहिलं नाही. समिती बसली, उठली. मी अर्ज केलाच नाही. तुम्हाला ऐकू येत होतं, मग कशाला, असं झालं. त्यानंतर किती वेळा साचा बदलला, तो एक सर्व्हर मात्र तसाच राहिला.

आठ मार्चला नवा साचा लावायचा होता. सगळे जुने सर्व्हर गेले, एकच जात नव्हता. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "हा कोणाचा लाडका रे?" सगळे हसले. मीही हसलो. मला आठवलंच नाही, मामा. चार वर्षांत मी अशा हजारो नंबरांना उठवलंय आणि मिटवलंय. खूण मीच काढली. साडेतीन मिनिटांत त्याच्या जागी नवा उभा राहिला, हिरवा दिवा लागला, आणि मी टाळी वाजवली.

तुमचं एकोणीस तारखेचं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात होतो. तिथेच बसलो.

त्यानंतर जे करता येईल ते सगळं केलं. रोजची प्रत आम्ही फक्त सामायिक साठ्याची काढतो. सर्व्हरवर जपण्यासारखं काही नसतंच, हा नियम मीच लिहिलेला. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी बदलला, जुना पुसून परत केला. इमारतवाल्या कंपनीला विचारलं. सर्व्हर बंद झाला की त्याची डिस्क त्याच क्षणी मोडीत जाते, असं त्यांनी कळवलं. त्यांचं चुकलं नाही. आपण तसंच सांगून ठेवलेलं असतं.

मामींच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांशी बोललो. कोणाकडे कॅसेट उरलेली नाही. सगळ्यांना आवाज आठवतो, एवढंच.

काय लिहू?

तुमचा भाचा

—

३ मे

चि. भाच्यास,

पत्र पोचलं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण पहिलं वाक्य "मी रागावलेलो नाही" असं पडलं आणि ते खोटं होतं, म्हणून कागद फाडला. असे चार फाडले.

तू लाल पेनाने कागद सुधारलास आणि स्टेन्सिल तशीच ठेवलीस. मी ते करून बसलोय, तेव्हा त्याबद्दल तुला बोलायचा हक्क मला नाही. साठ पोरांचं गणित चुकलं, दुसऱ्या दिवशी परत घेतलं. हे परत घेता येत नाही, एवढाच फरक. आणि कॅसेट भंगारात घालणारे हात माझेच. तुझ्या शब्दावर घातल्या, पण घातल्या मी.

"सगळं जागच्या जागी आहे." हे वाक्य मात्र मी पुन्हा काढून वाचलं. त्या वाक्यानंतर दोन आठवडे मी स्वतःला या घरातला चोर समजत होतो. तिच्या फोटोकडे बघणं टाळत होतो. कंपाउंडर रोज येऊन नाडी बघून जायचा. ते दोन आठवडे तू मला दिलेस. बाकीचं तुझ्याकडून विसरून झालं. हे समजून उमजून झालं.

झालं. बोलून टाकलं. तू नुसता भाचा असतास तर इतकं लिहिलं नसतं, पण तू मुलासारखा आहेस.

तू जेवतोस की नाही वेळेवर?

मामा

—

२० मे

ती. मामा,

तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे.

एक गोष्ट सापडलीय. ती सांगावी की नाही, आठ दिवस ठरत नव्हतं. पण पुन्हा लपवणार नाही.

जुन्या साच्याची स्टार्टअप स्क्रिप्ट मी ओळ न् ओळ वाचत बसलो होतो, मी आणखी काय काय विसरलोय ते बघायला. एका ओळीत, सर्व्हर उठल्यावर आवाज नीट चालतो का याची चाचणी आहे. त्यासाठी एक छोटी ध्वनिफीत साच्यातच भरलेली आहे. नाव नुसतं "चाचणी". नव्या साच्यातही मी ती तशीच उचलून घेतली होती, न ऐकता. यंत्र ती स्वतःच्या आत वाजवून बघतं, बाहेर कोणाला ऐकू येत नाही.

मी ती बाहेर काढून ऐकली. आठ सेकंद आहे. पहिली कॅसेट उतरवताना मी सुरुवातीचा नको असलेला तुकडा कापला असणार आणि जवळ होता म्हणून चाचणीला लावला असणार. कविता नाही त्यात. मामी तुम्हाला म्हणतायत, "खिडकी लावा हो. किती वेळा सांगायचं तुम्हाला?" मग खिडकीचा आवाज. संपलं.

चार वर्षं आमचा प्रत्येक सर्व्हर उठल्यावर हे वाक्य वाजवून मग कामाला लागत होता, मामा. रोज चौदा. मी हिशेब करायला गेलो आणि सोडून दिलं.

तुमच्या फोनवर पाठवलंय. या वेळी सामायिक साठ्यातही ठेवलंय, समितीच्या सहीने, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती आहेत. आठ सेकंद. कुठेही जाणार नाहीत.

तुमचा भाचा

—

११ जून

चि. भाचेबुवा,

तुझा निरोप फोनवर आला त्याच दिवशी कंपाउंडरने लावून दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. भला माणूस.

तिचाच आवाज. तो दिवसही आठवला. नवा टेपरेकॉर्डर आणला होता, मी बटण दाबलं आणि खिडकी लावायला विसरलो. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ती खरोखर चिडली होती. दिवसभर सहा तास वर्गात गोड बोलून झाल्यावर जो आवाज घरी उरायचा, तो हा. पोरांनी तो कधी ऐकला नाही. माझ्या वाट्याचा होता.

पहिल्या दिवशी मी तो पंधरा-वीस वेळा ऐकला असेन. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मला इतका आनंद झाला होता की तुला तसं पत्रही लिहायला घेतलं होतं. ते टाकलं नाही, ते बरं झालं.

आठवड्याने चार वाजता बसलो असताना मनाशी तळ्याची कविता म्हणून बघितली. "तळ्याकाठी" म्हटलं आणि ती थांबली नाही. सरळ पुढे गेली, चिडक्या आवाजात, "खिडकी लावा हो"च्या चालीवर. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसंच. मुंगीची घेतली, तीही तशीच उठली. ती सातही कडवी माझ्यावर खेकसत म्हणाली. मी हसलो आधी. मग हसू आलं नाही.

अकरा कॅसेट गेल्या तेव्हा माझ्याजवळ निदान त्यांची आठवण होती, ऐकून ऐकून मुरलेली. आता मी कोणतीही कविता आठवायला गेलो की ती या आठ सेकंदांच्या साच्यातून बाहेर पडते. रोज एकेक जाते आहे. वीसेक गेल्या. थांबून बघितलं, झोपून उठून बघितलं, फरक नाही.

म्हणून कालच कंपाउंडरकडून माझ्या फोनवरचा तुकडा काढून टाकला. त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?" त्याच्यापुढे मी कधी रडलो नव्हतो, तेही काल झालं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्याकडे आहे तो नीट ठेव, तुझ्या यंत्रांना वाजवू दे. तू माझ्याकडे ये, पाऊस जोर धरायच्या आत आलास तर बरं, पण आल्यावर तो मला ऐकवू नकोस. मी मागितला तरी.

एक कविता अजून शिल्लक आहे, जशी ती वर्गात म्हणायची तशी. तिला मी हात लावत नाही. मनातही म्हणत नाही. चार वाजता खुर्चीत बसतो आणि ती सोडून दुसऱ्या कशाचा तरी विचार करत राहतो. कोणती, ते तुला लिहीत नाही. लिहिताना म्हटली जाईल.

तुझा,
मामा